विश्वाचं निर्वात ढासळणार म्हणे! "कधीही" म्हणजे नक्की कधी?

सुदामानगरी (धागाकर्ती)

मी इंदुरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. सध्या कुठलंसं रील फिरतंय आणि वर्गात दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच, "मॅम, युनिव्हर्स कधीपण संपू शकतं ना? आत्ता या मिनिटालापण?" रीलमधला मजकूर साधारण असा: आपण ज्या निर्वातात राहतो ते खरं निर्वात नाही, कुठेतरी एक बुडबुडा तयार होईल, तो प्रकाशाच्या वेगाने पसरेल आणि काही कळायच्या आत सगळं खलास.

पंचाईत ही की यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. त्यामुळे "फालतू आहे, अभ्यास करा" म्हणून सुटका होत नाही. मला समजलंय तेवढं लिहिते, जाणकारांनी पुढे न्यावं.

निर्वात म्हणजे काहीच नसलेली जागा, ही शाळेतली व्याख्या इथे चालत नाही. क्वांटम क्षेत्र सिद्धांतात निर्वात म्हणजे सगळ्या क्षेत्रांची मिळून किमान ऊर्जेची अवस्था. बहुतेक क्षेत्रं त्या अवस्थेत शून्यावर असतात, हिग्ज क्षेत्र मात्र नसतं. त्याची किंमत सगळीकडे २४६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक), इंदूरच्या राजवाड्यावर तीच आणि देवयानी दीर्घिकेतही तीच. इलेक्ट्रॉनला आणि क्वार्कांना वस्तुमान मिळतं ते या किमतीमुळे.

४ जुलै २०१२ला युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन, म्हणजे या क्षेत्राचा कण, सापडल्याचं जाहीर केलं. त्याचं वस्तुमान निघालं सुमारे १२५ जीईव्ही. आता आडव्या अक्षावर हिग्ज क्षेत्राची किंमत आणि उभ्या अक्षावर ऊर्जा असा आलेख काढला, तर २४६ला एक दरी दिसते. आपण तिच्या तळाशी. प्रश्न एवढाच आहे की हीच सगळ्यात खोल दरी आहे, की फार फार उजवीकडे आलेख पुन्हा खाली वळून हिच्याही खाली उतरतो? मोजलेले आकडे घालून गणित केलं की उत्तर येतं, बहुधा उतरतो. मग आपलं निर्वात ठरतं मेटास्टेबल: टिकून आहे, पण कायमचं नाही.

मुलांना "कधीही" या शब्दाचं काय सांगावं, आणि सर्नच्या एलएचसीसारख्या कण आदळवणाऱ्या यंत्राने हे घडू शकतं का, एवढं मला हवंय.

छप्पनवाला_भिया

मॅडम, बाकी राहू द्या, या महिन्याचा ईएमआय भरायचा की नाही तेवढं सांगा. बुडबुडा येणार असेल तर मी सराफ्यात जाऊन खात बसतो.

ऋणलॅम्बडा

भिया, ईएमआय भरा.

ताई, आलेख उजवीकडे खाली का वळतो ते लिहितो, कारण सगळी मेख तिथे आहे. दरीचा आकार एका आकड्यावर ठरतो. त्याचं नाव लॅम्बडा. हिग्ज क्षेत्र स्वतःशीच किती जोराने भिडतं याचं ते माप. तुमची मुलं हा आकडा वहीत काढू शकतील: १२५चा वर्ग, भागिले २४६च्या वर्गाची दुप्पट. येतो ०.१३च्या जवळपास. धन आहे, सगळं ठीक.

पण असे आकडे क्वांटम सिद्धांतात एका जागी बसत नाहीत. किती ऊर्जेला मोजता त्याप्रमाणे बदलतात. वरच्या ऊर्जेकडे जाताना हिग्ज स्वतः आणि डब्ल्यू, झेड हे कण लॅम्बडाला वर ढकलतात. टॉप क्वार्क त्याला खाली खेचतो. टॉप १९९५ साली फर्मीलॅबमध्ये सापडला. आजवर माहीत असलेला हा सगळ्यात जड मूलकण, वजन १७२.५ जीईव्हीच्या आसपास, म्हणजे एकटा टंगस्टनच्या अख्ख्या अणूला भारी. हिग्जशी तो जितक्या जोराने जोडलेला आहे त्या जोराच्या चौथ्या घाताने ही खेच वाढते. त्यामुळे तो जिंकतो. साधारण १०चा १०वा ते ११वा घात इतक्या जीईव्हीला लॅम्बडा शून्यावर येतो आणि पुढे ऋण होतो. (हो, माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.)

एलएचसीतली टक्कर १३.६ टीईव्हीची (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही), म्हणजे या बिंदूच्या दहा लाख ते कोटीपट खाली. रीलवाले गाळतात ते नेमकं हे: मधल्या सगळ्या पट्ट्यात कोणीही काहीही मोजलेलं नाही. तिथे एकही नवा कण, एकही नवं बल नाही असं धरून रेघ पुढे ओढलेली आहे. कृष्णद्रव्य कशाचं आहे ते प्रमाण प्रतिकृती (स्टँडर्ड मॉडेल, मूलकणांचा आजचा सिद्धांत) सांगत नाही, न्यूट्रिनोला वस्तुमान का आहे तेही सांगत नाही. म्हणजे ती अपुरी आहे हे आधीच माहीत असताना आपण तिला कोटीपट लांब ताणतोय. "विश्व मेटास्टेबल आहे" या वाक्याआधी "वाटेत काही नवं भेटलं नाही तर" हे सहा शब्द नसतील, तर पुढचं वाचू नका.

अक्षयतृतीया

आपल्या ग्रंथांत कल्पान्त सांगितलाच आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४.३२ अब्ज वर्षं. आत्ताशी यांना कळतंय.

लोकमान्यनगरच्या_आजी

अहो, कल्पाचा आकडा मोठा आहे आणि मला तो आवडतोही, पण त्यात बुडबुडा नाही, टॉप क्वार्क नाही. त्याचा वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.

ऋणलॅम्बडा, माझी शंका साधी आहे. दरीच्या तळाशी बसलेलं क्षेत्र मधला डोंगर चढून पलीकडे जाणार कसं? ढकलणार कोण त्याला?

सुदामानगरी

आजी, यावर मी वर्गात मायक्रोवेव्हमधलं पाणी सांगते. अगदी स्वच्छ गुळगुळीत भांड्यात पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, गप्प बसून राहतं. वाफ होणं त्याला परवडणारं असतं, पण पहिला बुडबुडा तयार होणं महाग पडतं, कारण बुडबुड्याला पृष्ठभाग असतो आणि पृष्ठभागाला ऊर्जा लागते. लहान बुडबुडे दबून मरतात. एखादा ठरावीक आकारापेक्षा मोठा झाला की मग भडका.

ऋणलॅम्बडा

उदाहरण चांगलं आहे, फक्त एका ठिकाणी सांभाळा. पाण्याला उष्णतेचे धक्के ढकलतात. इथे ढकलायला कोणी नाही आणि आजींची शंका त्यासाठीच रास्त आहे. निर्वात डोंगर चढत नाही, त्यातून आरपार जातं. क्वांटम टनेलिंग, अल्फा कण अणुकेंद्रातून निसटतो तेच. फरक असा की इथे एक कण निसटून भागत नाही, जागेच्या एका इवल्याशा गोळ्यातलं अख्खं क्षेत्र एकदम पलीकडे जावं लागतं.

याचं गणित मॉस्कोत कोब्झारेव्ह, ओकुन आणि वोलोशिन यांनी १९७४ साली मांडलं आणि १९७७ साली सिडनी कोलमन यांनी आज वापरतात तसं नीट बसवलं. आतली ऊर्जा उतरल्यामुळे होणारा फायदा त्रिज्येच्या घनाने वाढतो, भिंतीचा खर्च वर्गाने. म्हणून एका त्रिज्येच्या खाली बुडबुडा मिटतो आणि तिच्यावर गेला की थांबत नाही. भिंत बघता बघता प्रकाशाच्या वेगाजवळ पोचते.

आत काय असतं? हिग्जची किंमत प्रचंड मोठी, म्हणून इलेक्ट्रॉनचं आणि क्वार्कांचं वस्तुमान प्रचंड, म्हणून आपल्या ओळखीचा एकही अणू नाही. कोलमन आणि डी लूचिया यांनी १९८०मध्ये यात गुरुत्वाकर्षण घातलं, तेव्हा चित्र आणखी वाईट निघालं. आतलं अवकाश स्वतःच कोसळतं. वेगळं रसायन, वेगळी जीवसृष्टी, तिथे पुन्हा कोणी फोरम काढून बसेल वगैरे आशा ठेवू नये.

संपादक

धागा 'विज्ञान' विभागात हलवला आहे. निवडणुकीवरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत, त्यांचा विश्वाच्या शेवटाशी संबंध जोडण्याचा प्रयत्न केविलवाणा होता.

कॅटरोड

एलएचसीचं मी सांगतो. त्या कामाशी इंदूरचा संबंध आहे आणि मला तो जवळून माहीत आहे. आपल्या इथलं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (जुन्या लोकांचं कॅट, बसवाल्यांचंही कॅट) एलएचसीसाठी भारताकडून गेलेल्या सामानाचं मुख्य घर होतं. बीम, म्हणजे कणांचा झोत, चुकार होऊ नये म्हणून मोठ्या द्विध्रुवी चुंबकांच्या टोकाला बसवतात ते अतिवाहक करेक्टर चुंबक, १,७००च्या वर. आणि चुंबक ज्यांवर उभे आहेत ते जॅक, सुमारे ७,०००. एक द्विध्रुवी चुंबक १५ मीटर लांब, ३० टनांच्या पुढे वजनाचा, आणि बोगद्यात असे १,२३२ आहेत. त्या जॅकवर एकटा माणूस हाताने एवढं धूड मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं अचूक सरकवतो. लोक हिग्जबद्दल बोलतात, मला जॅकबद्दल बोलायला आवडतं.

तर २००८. १० सप्टेंबरला पहिला बीम फिरला. आपल्याकडे गणपती बसलेले होते. वृत्तवाहिन्यांवर आदल्या दिवसांपासून उलटी मोजणी लावलेली, मागे आगीच्या ज्वाळा, "कल दुनिया खत्म?" असली पाटी. त्याच दिवसांत आपल्याच राज्यातल्या एका शाळकरी मुलीने या भीतीपायी जीव दिल्याची बातमी आली होती. रील हा प्रकार तेव्हा नव्हता, काम तेच होतं. म्हणून ताई, तुमच्या वर्गातल्या प्रश्नाला हसून उडवू नका. विचारणारा मजेत विचारतोय की रात्री जागून आलाय ते आपल्याला दिसत नाही.

आणि खरोखर काय झालं? १९ सप्टेंबरला दोन चुंबकांमधला एक विद्युत जोड वितळला, टनावारी हीलियम बोगद्यात सुटलं, चुंबक जागचे हलले. बीम परत फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडलं. विश्व नीट होतं, यंत्र मोडलं होतं.

आता मुद्दा. यंत्राने निर्वात ढासळेल का, हा प्रश्न भौतिकवाल्यांनी वाहिन्यांच्या आधीच विचारला होता. टर्नर आणि विल्चेक यांनी १९८२ साली आपलं निर्वात मेटास्टेबल असू शकतं असा लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी हट आणि रीस यांनी उत्तर दिलं: निसर्ग हे प्रयोग आधीपासून करतोय. विश्वकिरण पाहा, म्हणजे अवकाशातून येणारे प्रचंड वेगाचे कण. १९९१ साली अमेरिकेत युटाच्या वाळवंटात एक कण नोंदला गेला, ऊर्जा ३ गुणिले १०चा २०वा घात इलेक्ट्रॉन व्होल्ट.

इथे लोक एक गफलत करतात. हा आकडा एलएचसीच्या १३.६ टीईव्हीला भागून "दोन कोटीपट" म्हणून टाळ्या घेतात. तसं चालत नाही. एलएचसीत दोन कण समोरासमोर आदळतात, विश्वकिरण हवेतल्या निवांत बसलेल्या अणूवर आदळतो, त्यामुळे बरीचशी ऊर्जा पुढे धावण्यातच जाते. कामी येणारी ऊर्जा वर्गमुळाने वाढते. हिशोब केला तर साधारण ७५० टीईव्ही, म्हणजे एलएचसीच्या पन्नास-पंचावन्नपट. तेवढंही पुरे आहे. अशा टकरा आपल्या वातावरणात, सूर्यावर, सगळ्या ताऱ्यांवर अब्जावधी वर्षं चालू आहेत.

छप्पनवाला_भिया

काका, जॅकवाली गोष्ट एक नंबर. पण हॉकिंगसाहेबपण बोलले होते ना, हिग्जने दुनिया खतम होईल? पेपरात वाचल्याचं आठवतंय.

ऋणलॅम्बडा

२०१४ची बातमी. एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की १०० अब्ज जीईव्हीच्या वर हिग्जचं निर्वात मेटास्टेबल ठरू शकतं. तो १०चा ११वा घात, मी वर लिहिला तोच. तिथेच त्यांनी हेही लिहिलं होतं की तेवढी ऊर्जा देणारं यंत्र पृथ्वीपेक्षा मोठं लागेल आणि सध्याच्या काळात त्याला पैसे कोणी देणार नाही. मथळ्यात पहिलं आलं, दुसरं विनोद म्हणून गेलं.

विमेकरी

मी विमा गणितातला माणूस आहे, फिजिक्सचा नाही. पण वर एक युक्तिवाद दडपून चाललाय आणि तो मला खटकतो. "१३.८ अब्ज वर्षं काही झालं नाही, विश्वकिरण आदळूनही काही झालं नाही, म्हणजे सुरक्षित." मृत्युदर नुसत्या जिवंतांच्या यादीवरून निघत नाही. ज्या भागात बुडबुडा आला तिथे "अरे, झालं" म्हणायला कोणी उरलंच नाही. आपण इथे बसून टाइप करतोय, याचा अर्थ आपण वाचलेल्यांतले, इतकाच. दर किती ते यावरून कसं कळणार? विश्व तासाला एकदा ढासळत असतं आणि आपण केवळ नशिबाने उरलो असतो, तरी आपल्याला मागे वळून असाच स्वच्छ इतिहास दिसला असता.

कॅटरोड

हे मला पटायला हवं की नको ते ठरवता येत नाहीये. पण उत्तर नाही माझ्याकडे.

ऋणलॅम्बडा

विमेकरी, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि हाच मुद्दा टेगमार्क आणि बॉस्ट्रम यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये उचलला होता. त्यांची सोडवणूक तुम्हाला आवडेल, तुमच्याच जातीची आहे. "वाचलो" हा पुरावा म्हणून वापरायचाच नाही. त्याऐवजी "केव्हा जन्मलो" हे वापरायचं.

समजा ढासळण्याचा दर खूप मोठा आहे. तर वाचलेले बघे बहुतेक सगळे विश्वाच्या लहानपणी जन्मलेले असतील, कारण उशिरापर्यंत टिकलेले भाग फारच थोडे. राहण्याजोगे ग्रह तर पृथ्वीच्या आधीही अब्जावधी वर्षं बनत होते. आपली पृथ्वी मात्र महास्फोटानंतर नऊ अब्ज वर्षांनी बनली. इतके उशिरा आलेले आपण अपवाद असण्याची शक्यता कमी, म्हणून दर लहान असला पाहिजे. त्यांचं उत्तर: अब्ज वर्षांत एकदा, याहून जास्त नाही, खात्री ९९.९ टक्के. यात हिग्ज नाही, टॉप नाही, कुठलं क्षेत्र ढासळणार तेही माहीत असायची गरज नाही. मला हा अख्ख्या विषयातला सगळ्यात देखणा युक्तिवाद वाटतो.

विमेकरी

मानलं. जन्मतारखांवरून दर काढला. पण अब्ज वर्षांत एक ही खालची हमी झाली. हिग्जच्या गणितातून थेट आकडा येत नाही का?

ऋणलॅम्बडा

येतो. २०१८मध्ये हार्वर्डच्या अँड्रियासेन, फ्रॉस्ट आणि श्वार्ट्झ यांनी प्रमाण प्रतिकृती जशीच्या तशी धरून काढला. विश्वाचं आयुष्य १०चा १३९वा घात इतकी वर्षं. एकावर १३९ शून्यं. विश्वाचं आजचं वय लिहायला अकरा अंक पुरतात. अनिश्चितता तुमच्यासारख्यांनी बसून वाचावी: घातात वर १०२, खाली ५१. पंच्याण्णव टक्के खात्रीने मात्र ५८व्या घातापेक्षा जास्तच.

विमेकरी

चूक आकड्यात असते हे पाहिलं होतं, घातात पहिल्यांदा पाहिली. असा तक्ता घेऊन गेलो असतो तर मला साहेबांनी केबिनबाहेर काढलं असतं. तरी ५८ खाली आणि बाकी सगळं वर असेल तर प्रीमियम शून्य.

ऋणलॅम्बडा

एवढी रुंदी का येते तर टॉपमुळे. दर घातांकात जातो आणि घातांकात लॅम्बडा छेदात बसतो. टॉपचं वजन थोडं इकडचं तिकडे झालं की लॅम्बडा किंचित हलतो आणि आयुष्याच्या शून्यांची संख्या शंभराने बदलते.

ताई, "कधीही"चं उत्तर तुमच्या बारावीच्या पुस्तकातच आहे, किरणोत्साराच्या धड्यात. युरेनियम-२३८चा एखादा अणू आत्ता या सेकंदाला फुटू शकतो का? शकतो. त्याला वय नसतं, तो म्हातारा होत नाही, मागच्या सेकंदापेक्षा या सेकंदाला त्याचा धोका वाढत नाही. तरी अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षं. निर्वाताचंही तसंच, ठरावीक घनफळात ठरावीक काळाला ठरावीक संभाव्यता. "कधीही होऊ शकतं" आणि "होण्याचा संभव आहे" या दोन वाक्यांत क्षयांक (ठरावीक काळात फुटण्याची संभाव्यता) बसतो, आणि रीलमध्ये तो नसतो.

लोकमान्यनगरच्या_आजी

समजलं. आता उलटं विचारते. बुडबुडा तयार होऊन चुकला असेल आणि वाटेत असेल तर? दुर्बिणीतून दिसेल का?

ऋणलॅम्बडा

नाही दिसणार. भिंत जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने येते, म्हणजे ती निघाल्याची बातमी आणि ती स्वतः सोबतच पोचतात. सावध होणं नाही, दुखणंही नाही. मज्जातंतूतला संदेश सेकंदाला फार तर शंभर-सव्वाशे मीटर जातो, भिंत तीन लाख किलोमीटर.

आणि सगळेच बुडबुडे पोचत नाहीत. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ साली कळलं. त्यामुळे आज साधारण १६ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडे काहीही सुरू झालं, तरी तिथला प्रकाश इथे कधीच येणार नाही. बुडबुडाही नाही. ज्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिका कायमच्या हातच्या जातात, तेच इथे कुंपण होतं.

छप्पनवाला_भिया

म्हणजे न दिसणार, न दुखणार, न बहुतेक येणार. मग सूर्यच आधी घोळ घालेल ना?

कॅटरोड

सूर्य फुगायला पाच अब्ज वर्षं आहेत, पण त्याआधीच, अब्जभर वर्षांत, तो इतका तापलेला असेल की समुद्र उरणार नाहीत. ५८ शून्यांची गोष्ट करताना हे विसरायला होतं. खरं तर त्या मुक्कामापर्यंत प्रोटॉन तरी टिकतो का हाच प्रश्न आहे. १९८०च्या दशकात आपल्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, लोखंडाच्या थप्प्या रचून प्रोटॉन फुटण्याची वाट पाहिली होती. खात्रीचं काही हाती लागलं नाही. जपानचा सुपर-कामिओकांडे आता सांगतो, फुटत असेलच तर १०चा ३४वा घात वर्षांहून जास्त लागतात. पण ३४ आणि ५८ यांत फुटला, तर निर्वात ढासळताना बघायला एक धड अणूही नसेल.

सुदामानगरी

हे सगळं कागदावर. प्रयोगशाळेत खोटं निर्वात करून बघता येतं का?

ऋणलॅम्बडा

हिग्जचं नाही, पण त्याच गणिताचं दुसरं रूप, हो. इटलीत ट्रेंटोच्या गटाने अतिशीत सोडियमच्या अणूंचा द्रव घेतला. अणूंच्या दोन अवस्था, एक वरच्या ऊर्जेची आणि एक खालची, मधे अडसर. सगळे अणू वरच्या अवस्थेत अडकवून वाट पाहिली. बुडबुडे पडताना दिसले आणि पडण्याचा वेग सिद्धांताशी जुळला. जानेवारी २०२४मध्ये 'नेचर फिजिक्स'ला छापून आलंय. तिथे तापमानाचा हात होता, शुद्ध टनेलिंग नव्हतं, म्हणजे तुमच्या मायक्रोवेव्हच्या पाण्याला ते जास्त जवळचं. पण कोलमनची पद्धत पहिल्यांदा टेबलावर आली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, नाहीतर मी १३९चा आकडा गळ्यात घालून फिरतोय असं वाटेल. तो आकडाही ठिसूळ आहे. ब्रांकिना आणि मेसिना यांनी २०१३ साली दाखवलं की प्लँक ऊर्जेजवळ (जिथे गुरुत्वाकर्षणालाही क्वांटम सिद्धांत लागतो) काही नवं असेल, तर आयुष्य प्रचंड बदलू शकतं, खालीसुद्धा. २०१५मध्ये बुर्डा, ग्रेगरी आणि मॉस यांनी दाखवलं की अगदी लहान आदिम (विश्वाच्या सुरुवातीला बनलेली) कृष्णविवरं असतील, तर ती बुडबुड्याला बीजासारखी कामी येतात आणि ढासळणं झपाट्याने होतं. आपण अजून आहोत, तेव्हा त्यांचा उलटा अर्थ लागतो: एकतर तशी कृष्णविवरं नाहीत, किंवा लॅम्बडा ऋण होतच नाही. विमेकरी पुन्हा उठायच्या आत सांगतो, हो, इथेही जिवंतांच्या यादीचा दोष आहे.

विमेकरी

उठलो होतो, बसतो.

कॅटरोड

मला यात एकच गोष्ट खरंच विचित्र वाटते. हिग्ज १२५, टॉप १७२.५. टॉप १७१च्या खाली असता तर निर्वात पूर्ण स्थिर. पाच-सात जीईव्ही जड असता तर इतकं अस्थिर की आपण नसतोच. आणि आपण मधल्या चिंचोळ्या पट्टीत, तेही स्थिरतेच्या काठाला अगदी चिकटून. दोन वजनं एकमेकांना न विचारता आलेली, आणि जुळतात कशी?

ऋणलॅम्बडा

यावर लोक दोन गटांत भांडतात. एक म्हणतो योगायोग, रेघ ओढायची सवय सोडा. दुसरा म्हणतो काठावर असणं हाच कशाचा तरी ठसा आहे, उदाहरणार्थ प्लँक ऊर्जेला लॅम्बडा शून्य असायलाच हवा असा एखादा अजून न कळलेला नियम. मी दुसऱ्या गटात आहे, आणि मला रात्री जागं ठेवतं ते हे. विश्वाचा शेवट नाही.

कॅटरोड

मी पहिल्या. आधी टॉप नीट मोजा, मग नियम शोधा. एलएचसीच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांनी मिळून काढलेला आकडा १७२.५२, कमीजास्त ०.३३. ऐकायला उत्तम. पण टॉप जन्मतो तसा तुटतो, तुकडे जोडून वजन काढावं लागतं, आणि असं काढलेलं वजन सिद्धांताच्या समीकरणात घालायचं तेच का, यावर पुन्हा थोडी धूसरता. काठापासूनचं अंतर दीड जीईव्ही आणि मोजण्यातली धूसरता अर्ध्याच्या आसपास, यावर विश्वाचा निकाल लिहू नये.

स्वच्छ उपाय म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र. ऊर्जा हळूहळू वाढवत ३४५ जीईव्हीच्या आसपास न्यायची, म्हणजे दोन टॉपच्या वजनाइतकी, आणि टॉपच्या जोड्या नेमक्या कुठे पडायला लागतात ते पाहायचं. तुकडे जोडायचा प्रश्नच नाही. सर्नमध्ये ९१ किलोमीटर घेराच्या बोगद्याचा प्रस्ताव आहे, त्यातलं पहिलं यंत्र हे काम करू शकेल. अजून मंजुरी नाही, आणि खोदायला लागले तरी माझ्या हयातीत बीम फिरणार नाही.

छप्पनवाला_भिया

९१ म्हणजे केवढं हो काका? इंदुरात बसेल?

कॅटरोड

एलएचसीचा घेर २७, तो शहरात मावेल. राजवाडा मधोमध धरला तर विजय नगर बाहेर पडतं. ९१चा व्यास २९ किलोमीटर. त्यात राऊ आत येतं, महू बाहेर राहतं.